तट, टाक्या आणि रंगवलेल्या भिंती : मुंबईच्या बागा व भित्तिचित्रांची कहाणी

मुंबईच्या मोकळ्या मैदानांचे मूळ तोफांच्या माऱ्यात आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या वसाहतीभोवती तट उभारला. अपोलो, चर्च आणि बझार असे त्याला तीन मुख्य दरवाजे होते. तटावर चालून येणाऱ्या शत्रूला घराचा किंवा झाडाचा आडोसा मिळू नये, म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी राखली गेली. १८०३ साली कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर हा मोकळा पट्टा आणखी रुंद केला गेला. इंग्रजांनी त्याला एस्प्लनेड म्हटले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्याच पट्ट्याची आज उरलेली चार शकले. नकाशावर ती एका रांगेत दिसतात याचे कारण हेच आहे. पायी जाणाऱ्याला मात्र मधले रस्ते ओलांडताना ती चार वेगळी मैदाने वाटतात.

या पट्ट्यावर तटाबाहेर राहूनही टिकलेली एक जुनी खूण आहे. चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून क्रॉस मैदानाच्या कडेला आले की भिखा बेहराम यांनी १७२५ साली खोदलेली विहीर लागते. समुद्र जवळ असूनही तिचे पाणी गोडे आहे, आणि पारशी समाजात तिला पवित्र मानतात. खुद्द मैदानाला नाव मिळाले ते तेथील जुन्या पोर्तुगीज क्रुसावरून. तोफांसाठी राखलेल्या रिकाम्या जागेतही लोकांची श्रद्धास्थाने होती आणि ती तटापेक्षा जास्त टिकली.

तट १८६० नंतरच्या काही वर्षांत पाडला गेला. सर बार्टल फ्रिअर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता. मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि शहरात पैशाचा पूर लोटला. आता तट कोणत्याही शत्रूला अडवत नव्हता, फक्त वस्तीला अडवत होता. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे जुने शहर मोडून नवे उभे राहत होते त्याच सुमारास. या शहराविषयी मराठीत लिहिलेले हे पहिले मोठे पुस्तक. ते नेमके याच वेळी लिहिले गेले, हे मराठी वाचकांचे भाग्यच. तटाचा एक तुकडा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात अजून उभा आहे. चर्च गेट जिथे होते तिथे १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले.

हे कारंजे खरे तर भायखळ्याच्या बागेसाठी करवून घेतले होते. रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी त्याचा आराखडा केला आणि जेम्स फोर्सिथ यांनी ते पोर्टलंड दगडात घडवले. शेवटी ते बागेत गेलेच नाही. पाडलेल्या दरवाजाच्या जागी, रस्त्यांच्या संगमावर त्याची स्थापना झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर शेजारीच हुतात्मा स्मारक उभारले गेले आणि चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. दरवाजा, बागेसाठी घडवलेले कारंजे आणि हुतात्म्यांचे स्मारक या तिन्हींचा इतिहास या चौकात शंभर पावलांत सापडतो.

तिथून पूर्वेला पाच-सात मिनिटांवर हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे. तिचा इतिहास निवांत सांगावा असा आहे. तट होता तेव्हा टाउन हॉलसमोरच्या या जागेला बॉम्बे ग्रीन म्हणत. येथे कापसाचे ढीग पडत, व्यापार चाले. कापसाचा बाजार कुलाब्याला हलल्यावर ही जागा ओसाड झाली. तिच्याभोवती कमानींच्या इमारतींचे वर्तुळ आणि मध्ये बाग, ही कल्पना पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट यांनी मांडली. हेच फोर्जेट १८५७ साली वेष पालटून वस्त्यांमध्ये फिरत होते आणि उठावाच्या तयारीचा माग काढत होते. त्यांच्या तपासातून पकडलेल्या मंगल गाडिया आणि सय्यद हुसेन या दोन शिपायांना ऑक्टोबर १८५७ मध्ये एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी देण्यात आले. आझाद मैदानावर दोघांचा मृत्यू घडवणाऱ्या माणसानेच थोड्या वर्षांनी शहराला ही सावलीची बाग सुचवली. बाग १८७२ च्या सुमारास पूर्ण झाली आणि तिला एल्फिन्स्टन सर्कल हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर हे नाव गेले आणि बेंजामिन हॉर्निमन यांचे आले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे हे इंग्रज संपादक भारतीयांची बाजू निर्भीडपणे मांडत आणि त्यापायी १९१९ साली त्यांना देशाबाहेर काढण्यात आले होते. ब्रिटिश गव्हर्नरच्या नावाची बाग एका इंग्रजाच्याच नावाने ओळखली जावी आणि तो इंग्रज राज्यकर्त्यांच्या विरोधात उभा राहिलेला असावा, हा नामबदल विचारपूर्वक झालेला दिसतो.

भायखळ्याची राणीची बाग मात्र करमणुकीसाठी नव्हे, शेती-बागायतीच्या अभ्यासासाठी उभी राहिली. पश्चिम भारताच्या शेती व बागायत संस्थेची जुनी बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेल्यावर संस्था भायखळ्याला आली. १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग लोकांसाठी खुली झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट अशी माणसे या कामामागे होती. बागेशेजारचे वस्तुसंग्रहालय १८७२ साली उघडले आणि १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव दिले गेले. संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते या हत्तीवरून. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो मोडला. तुकडे येथे आणले गेले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला.

शहराला नकोशा झालेल्या मूर्तींनाही आसरा याच बागेने दिला. काळ्या घोड्यावर बसलेल्या एडवर्ड राजपुत्राचा पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता. १९६५ साली तो राणीच्या बागेत हलवला गेला. पुतळा गेला तरी चौकाचे काळा घोडा हे नाव लोकांच्या तोंडून गेले नाही. २०१७ साली त्याच परिसरात दुसरा काळा घोडा आला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. शहराने नाव ठेवले आणि राजा वगळला. सार्वजनिक स्मृती अशीच चालते.

तट पडल्यानंतर शहर वाढले आणि पाण्याचा प्रश्न तीव्र झाला. विहार तलावाचे पाणी १८६० साली आणि तुळशी तलावाचे १८७९ साली शहरात येऊ लागले. ते उंचावर साठवून नळांत सोडायचे तर टेकड्यांवर टाक्या हव्या होत्या. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर विहारच्या पाण्याची टाकी झाली, मलबार हिलवर तुळशीच्या पाण्याची. दोन्ही टाक्यांवर छत घातले गेले, छतावर माती पसरली आणि त्या मातीवर बाग लावली. पाणी झाकले गेले आणि वर लोकांना फिरायला जागाही झाली. टाकीच्या छतावर मातीचा थर उथळ असतो. खोल मुळांच्या झाडांपेक्षा हिरवळ, फुलझाडे आणि कापून आकार दिलेली झुडपे तिथे जास्त जगतात. हँगिंग गार्डनमधले कात्रीने घडवलेले हिरवे प्राणी अनेकांना निव्वळ शोभेचे वाटतात. पण त्यांच्या पायाखाली माती थोडी आणि पाणी फार आहे.

मलबार हिलच्या बागेला फिरोजशहा मेहता यांचे नाव आहे. रस्ता ओलांडला की १९५२ साली खुले झालेले कमला नेहरू पार्क लागते. तिथला म्हातारीचा बूट एका इंग्रजी बालगीतातून आला, पण मुंबईतल्या मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी तो आपल्याच गोष्टीतला असावा तसा स्वीकारला. शाळेची सहल राणीच्या बागेत प्राणी पाहून म्हातारीच्या बुटात चढून उतरल्याशिवाय पुरी होत नसे. माझगावची बाग त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे, आणि हे खरोखर खेदाचे आहे. ज्या टेकडीवर ती आहे तिथे पूर्वी माझगावचा किल्ला होता आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस सिद्दी याकूतखानाच्या स्वारीत तो नष्ट झाला. बागेला जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव आहे. माझगावच्या या पुत्राला लोक ‘काका’ म्हणत. होमरूल चळवळीत ते लोकमान्य टिळकांचे सहकारी होते, आणि पुढे मुंबईचे महापौर झाले. या बागेच्या कठड्यावर उभे राहिले की खाली गोदीच्या क्रेन आणि पलीकडे बंदर दिसते. मुंबई बंदराचा इतका मोकळा देखावा शहरात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

१८९६ च्या प्लेगने बागांची आणखी एक पिढी दिली. दाट वस्त्यांत हवा आणि उजेड नव्हता, आणि रोग झपाट्याने पसरला. १८९८ साली नगरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांची आखणी करताना ट्रस्टने रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा आधीच नकाशात घातल्या. दादरच्या पारशी कॉलनीतल्या पाच बागा आणि माहीम पार्क हे याच काळाचे. माहीम पार्क १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचे शिवाजी पार्क झाले. बाग म्हणून तिथे विशेष काही नाही: मोकळे मैदान आणि भोवती कट्टा. पण सभा, क्रिकेट आणि सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या यांनी ते मैदान मराठी मध्यमवर्गाच्या आयुष्याचा भाग होऊन गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांसाठी हजारो माणसे इथेच जमत.

भिंतींवरच्या चित्रांचा इतिहास बागांच्या बरोबरीनेच सुरू होतो, फक्त तो फार काळ दगडात राहिला. सर जे. जे. कला विद्यालय १८५७ साली सुरू झाले. १८६५ ते १८७५ ही दहा वर्षे जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिकवत होते. १८६९ साली सुरू झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरची उठावशिल्पे त्यांनी केली. भाजीबाजारात पिशवी घेऊन शिरणारी बाई त्यांच्याखालून रोज जाते, आणि तिला ती दिसावीत यासाठीच ती तिथे आहेत. त्याच विद्यालयातल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. चित्रे गेली, पण भिंत हे चित्रकाराचे खरे क्षेत्र आहे हा विचार त्या विद्यालयात रुजला. ग्लॅडस्टन सॉलोमन संचालक असताना तिथे भित्तिचित्रणाचा स्वतंत्र वर्ग निघाला, आणि या विद्यार्थ्यांनी नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंतीही रंगवल्या. १९३८ साली उघडलेल्या मेट्रो सिनेमाच्या आतली चित्रेही विद्यालयाच्या मंडळींनीच केली.

फोर्टमध्ये चालताना या काळाची सर्वांत देखणी खूण न्यू इंडिया अश्युरन्सच्या इमारतीवर दिसते. १९३० च्या दशकात झालेल्या या इमारतीच्या दर्शनी भागावर शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी शेतकरी, कारागीर, कष्टकरी माणसे कोरली. विम्याच्या कंपनीने आपल्या भिंतीवर कोणाची प्रतिमा लावावी, याचे उत्तर तिथे दगडात लिहिलेले आहे. ही सार्वजनिक भित्तिकला इतकी उंचावर आहे की मान वर केल्याशिवाय दिसत नाही.

रंगीत चित्र रस्त्यावर आणले ते सिनेमाने. चित्रपटगृहांबाहेरचे बॅनर कापडावर हाताने रंगवले जात. छोट्या चित्रावर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या, आणि एकेक चौकट भरत चेहरा उभा करायचा. मकबूल फिदा हुसेन १९३० च्या दशकात मुंबईत आले तेव्हा पोट भरण्यासाठी हेच काम करत. इतक्या मोठ्या आकारावर बेधडक रेषा ओढण्याची सवय त्यांना परांचीवर लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीस छापील फ्लेक्स आला आणि बॅनर पेंटरांच्या कार्यशाळा एकेक करून बंद पडल्या. त्या हातांची कला वाया गेली ही मुंबईची मोठी हानी आहे.

याच सुमारास भिंतींवर कायद्याची नजर गेली. निवडणुकीच्या घोषणा आणि जाहिराती यांनी शहराच्या भिंती भरून गेल्या होत्या. १९९५ साली मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा झाला. परवानगीशिवाय भिंत रंगवणे गुन्हा ठरले. मग परवानगी घेऊन रंगवण्याची चळवळ सुरू झाली. २००९ च्या ऑगस्टमध्ये माहीम-दादरच्या बाजूने रेल्वेलगत जाणाऱ्या सेनापती बापट मार्गाच्या भिंतीवर महापालिकेच्या संमतीने शेकडो हौशी आणि व्यावसायिक चित्रकारांनी चित्रे काढली. लोक या रस्त्याला अजून तुळशी पाइप रोडच म्हणतात. तुळशीचे पाणी शहरात आणणारी मोठी पाइपलाइन याच बाजूने आली होती. मलबार हिलच्या टाकीखालचे पाणी आणि माहीमच्या भिंतीवरचे चित्र यांचा संबंध असा नावातून कळतो.

वांद्र्यात रणवार गावाच्या जुन्या गल्ल्यांमध्ये, विशेषतः चॅपल रोडवर, भित्तिचित्रांची दाट वस्ती झाली. ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजाची लाकडी जिन्यांची घरे आणि गल्लीच्या तोंडाशी असलेले क्रूस यांच्या मध्ये हिंदी सिनेमातल्या चेहऱ्यांना जागा मिळाली. हरियाणातल्या गावात भिंतींना चुना लावण्यापासून सुरुवात करून चित्रकलेचे शिक्षण घेतलेले रणजित दहिया यांनी २०१२ पासून ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ या नावाने हे काम केले. जुन्या बॅनर पेंटरांचा वारसा त्यांनी उघडपणे सांगितला. २०१४ साली वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे प्रचंड चित्र उभे राहिले. ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेच्या उपक्रमातले हे काम. ज्या माणसाने मुंबईत भारतीय सिनेमाची मुहूर्तमेढ रोवली, त्याचा चेहरा अखेर रस्त्यावरच्या माणसाला समोर दिसला. याच संस्थेच्या पुढाकाराने चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर ब्राझीलचे चित्रकार एदुआर्दो कोब्रा यांनी महात्मा गांधींचे चित्र काढले. तटाचा दरवाजा गेला तिथून थोड्याच अंतरावर हे चित्र उभे राहिले.

कुलाब्याच्या ससून गोदीत २०१७ च्या अखेरीस भरलेल्या कलाप्रकल्पाने मात्र या सगळ्याला वेगळे वळण दिले. अल्बर्ट ससून यांनी १८७५ साली बांधलेली ही गोदी आता मासळीचा मोठा बाजार आहे. येथे पहाटे कोळिणी मासळीचा लिलाव करतात, कोळंबी सोलतात. गोदीच्या भिंतींवर त्यांची मोठी छायाचित्रे आणि चित्रे लागली. एरवी कुलाब्याला फिरायला येऊनही गोदीच्या दारातून आत न जाणारी हजारो माणसे तेव्हा आत गेली, आणि जिच्या कष्टावर ताटातली मासळी येते तिचा चेहरा त्यांनी पाहिला. समुद्राची खारी हवा आणि पावसाळा यांमुळे बाहेरच्या भिंतीवरचा रंग काही वर्षांतच फिका पडतो. त्यामुळे या चित्रांची यादी पुस्तकात छापून फारसा उपयोग नाही. पुढच्या खेपेला तिथे दुसरे काही असण्याची शक्यता जास्त.

शहरातली एक मोठी बाग कचऱ्यावर उभी आहे. माहीमला मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, १९७७ पर्यंत कचरा टाकला जात होता. त्या ३७ एकरांवर माती टाकून देशी झाडे लावली गेली आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. तिथले रान इतके दाट झाले आहे की खाली काय आहे हे सांगितल्यावरही पटत नाही.

मलबार हिलवरही अलीकडे जमिनीखालचे वर आले. जलाशयाची टाकी पाडून नव्याने बांधण्याचा महापालिकेचा प्रस्ताव २०२३ साली चर्चेत आला. त्यासाठी हँगिंग गार्डन कित्येक वर्षे बंद ठेवावी लागणार होती आणि शेकडो झाडे जाणार होती. रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीचा मार्ग पुढे आला. २०२५ साली कमला नेहरू पार्कजवळ झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत पादचारी मार्ग सुरू झाला. त्याच्या एका टोकाला काचेची जमीन असलेला सज्जा आहे आणि तिथून गिरगाव चौपाटीचा वळसा दिसतो. शेजारच्या बागेखालच्या टाकीतून दक्षिण मुंबईच्या घरांना रोज पाणी जाते.